पाल्य हॅकर निघाला तर?

शाळेतून अचानक बोलावणे येते. शिक्षकांचा पासवर्ड वापरून पाल्याने शाळेच्या संगणकयंत्रणेत प्रवेश केल्याचे मुख्याध्यापक सांगतात. आई-वडिलांचा विश्वास बसत नाही. मुलगा तर घराबाहेरही फारसा पडत नाही. घरी परतल्यावरचे दृश्य मात्र ठरलेले असते. लॅपटॉप कपाटात कुलूपबंद होतो, इंटरनेट तोडले जाते आणि संध्याकाळी आलेले काका ‘पोरगं डोक्यानं तल्लख आहे हो’ म्हणून पाठ थोपटून जातात. संताप काय किंवा कौतुक काय, दोन्ही स्वाभाविक असले तरी दोन्हींनी प्रश्न सुटत नाही. त्यातही कौतुक अधिक घातक.

मुळात झाले काय, हे आधी समजून घ्यायला हवे. ‘हॅकिंग’ म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर चित्रपटातील दृश्ये येतात. प्रत्यक्षातील प्रकार बहुधा साधे असतात. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने शाळा-महाविद्यालयांतील माहितीचोरीच्या २१५ अंतर्गत घटना तपासल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ५७ टक्के घटनांमागे विद्यार्थीच आढळले. सोपा पासवर्ड ओळखणे किंवा कागदावर लिहून ठेवलेला पासवर्ड पाहणे, एवढीच त्यांपैकी अनेकांची ‘विद्या’!

याउलट, निरुपद्रवी गोष्टींवरून घबराट माजवण्याचे प्रकारही घडतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात पोलिसांच्या नावाने पालकांसाठी एक भित्तिपत्रक निघाले होते. मुलाच्या संगणकावर काली लिनक्स, टॉर, व्हर्च्युअल मशीन, एवढेच काय डिस्कॉर्ड दिसले तरी पोलिसांना कळवा, असा त्याचा सूर होता. त्याची यथेच्छ खिल्ली उडवली गेली. ही साधने संगणकसुरक्षेचा अभ्यास करणारेही वापरतात. साधन कोणते, यापेक्षा ते कोणाच्या यंत्रणेवर आणि कोणाच्या परवानगीने चालवले, हा खरा प्रश्न आहे.

भारतीय कायदाही नेमके हेच विचारतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश केल्यास नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड त्याच हेतूने वापरल्यास कलम ६६-सी लागू होते. ‘मी काही बिघडवले नाही, फक्त पाहिले’ हा बचाव त्यामुळे मुलांना वाटतो तितका भक्कम नाही.

अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण मात्र बाल न्याय मंडळापुढे जाते. समुपदेशन, समाजसेवा असे मार्ग मंडळाला उपलब्ध असतात. पालकांना दंड भरण्यास सांगण्याचीही तरतूद आहे. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार अशा प्रकरणामुळे मुलाच्या पुढील आयुष्यात अपात्रता येत नाही. ‘आता करिअर संपले’ म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही. अठरावा वाढदिवस उलटल्यानंतर केलेल्या कृत्याला मात्र हे संरक्षण नाही, याची जाणीव अकरावी-बारावीच्या मुलांना फार थोडी असते.

अशा वेळी पालकांकडून हमखास होणारी चूक म्हणजे घाबरून संगणक फॉरमॅट करणे. त्याने मुलाची बाजू मांडणाऱ्या नोंदीही जातात, शिवाय पुरावा नष्ट केल्याचा आरोप वेगळाच. त्याऐवजी मुलाला शांतपणे विचारावे : कुठे शिरलास, काय उघडलेस, काय उतरवून घेतलेस, कोणाला दिलेस? कोणी पैसे दिले का, हा प्रश्न तर टाळूच नये. मग मुलाला बरोबर घेऊन शाळेला झाला प्रकार आपणहून सांगावा. तक्रार दाखल झालेली असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

पैशाचा प्रश्न महत्त्वाचा असला, तरी सुरुवात बहुधा पैशासाठी होत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय गुन्हे संस्थेने २०१७ च्या अहवालात आव्हान आणि सवंगड्यांमधील प्रतिष्ठा ही प्रमुख कारणे मानली होती. म्हणूनच नुसती इंटरनेटबंदी फसते. घरी बंद झालेला मुलगा मित्राच्या मोबाइलवर तेच करतो आणि घरी सांगणे मात्र सोडतो.

मार्कस हचिन्स या ब्रिटिश तरुणाचे उदाहरण बोलके आहे. २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रामचा जगभरचा फैलाव त्यानेच रोखला. काही महिन्यांतच त्याला अमेरिकेत अटक झाली, ती पूर्वी लिहिलेल्या बँकखाती लुटणाऱ्या प्रोग्रामबद्दल. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी भोगलेली कोठडी आणि वर्षभराची देखरेख एवढ्यावर त्याला सोडले. पण मधली दोन वर्षे खटल्यातच गेली.

हीच खुमखुमी परवानगीच्या चौकटीत भागवता येते. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘पिकोसीटीएफ’ स्पर्धेत मुद्दाम कच्ची ठेवलेली यंत्रणा भेदायची असते, तीही विनामूल्य. अमृता विश्वविद्यापीठाने ‘इनसीटीएफ’ची शालेय आवृत्ती भरवली आहे. घरातील जुन्या संगणकावरही असा सराव होतो. आणि एखाद्या संकेतस्थळात चुकून त्रुटी दिसलीच, तर आत न शिरता ती ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेला ई-मेलने कळवता येते. तो ई-मेल मुलाने लिहावा आणि पाठवण्यापूर्वी पालकांनी वाचावा.