झहा हदीद यांचे स्टेडियम टोकियोने का नाकारले?

कतारच्या 2022 च्या फुटबॉल विश्वचषकात अल् जनूब स्टेडियम अनेकांनी टीव्हीवर पाहिले असेल. शिडाच्या होडीची आठवण करून देणाऱ्या त्या छताची कल्पना झहा हदीद यांची. 1950 मध्ये बगदादच्या एका मुस्लिम घराण्यात त्या जन्मल्या. वडील मोहम्मद हदीद इराकचे अर्थमंत्री होते. स्थापत्यातला सर्वांत मोठा मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार 2004 मध्ये झहा यांना मिळाला, आणि तो मिळवणारी ती पहिलीच महिला.

पण त्यांचे सगळ्यात जास्त गाजलेले स्टेडियम कधी बांधलेच गेले नाही. ते टोकियोत उभे राहणार होते. त्यावरून तीन वर्षे जपानमध्ये जो वाद पेटला, तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवात कशी झाली?

टोकियोचे जुने राष्ट्रीय स्टेडियम 1958 चे. 1964 च्या ऑलिम्पिकचे उद्घाटन तिथेच झाले होते. ते पाडून त्याच जागी नवे बांधायचे ठरले आणि 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. परीक्षक मंडळाचे प्रमुख होते जपानचे नामवंत आर्किटेक्ट तादाओ आंदो. नोव्हेंबर 2012 मध्ये झहा यांचा आराखडा पहिला आला. 80 हजार आसने, उघडझाप होणारे छत आणि ते पेलणाऱ्या दोन अजस्र पोलादी कमानी असा सगळा थाट होता. सप्टेंबर 2013 मध्ये 2020 चे ऑलिम्पिक टोकियोला मिळाले, त्यात या देखण्या चित्राचाही वाटा होता.

विरोध कशाला होता?

पहिला मोठा आवाज उठवला तो फुमिहिको माकी यांनी. तेही प्रित्झकर विजेते, आणि शेजारचा क्रीडा संकुलाचा हॉल त्यांनीच बांधलेला. त्यांचे म्हणणे साधे होते: ही जागा मेइजी मंदिराच्या बाहेरच्या बागेची आहे. झाडी, मोकळी हवा, ठेंगण्या इमारती. तिथे सुमारे 70 मीटर उंचीचा डोंगर कशाला? बरे, या प्रकल्पासाठी तिथली उंचीची मर्यादाही सैल करण्यात आली होती.

दुसरा आक्षेप स्पर्धेवर होता. मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार किंवा मोठ्या स्टेडियमचा अनुभव असलेल्यांनाच त्यात प्रवेश होता. म्हणजे होतकरू तरुणांना दार बंद.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि सामान्य माणूस पेटला तो त्यावर. स्पर्धेच्या वेळी खर्च धरला होता 13 हजार कोटी येन. पुढच्याच वर्षी आकडा आला 30 हजार कोटी. मग आकार कमी केला, हिशेब खाली आला. पण जुलै 2015 मध्ये पुन्हा 25 हजार 200 कोटी! तेही उघडझाप होणारे छत खेळांनंतर बसवायचे, असे ठरवून. अखेर 17 जुलै 2015 रोजी पंतप्रधान शिंझो आबे यांनी हा आराखडा रद्द केला.

झहा यांचे काय म्हणणे होते?

चूक एकट्या आर्किटेक्टची होती का? झहा यांच्या कार्यालयाने सांगितले की खर्च वाढला तो टोकियोतल्या बांधकामाचे दर चढल्यामुळे, आणि पुरेशी स्पर्धा न घेता आधीच ठेकेदार निवडल्यामुळे. 80 हजार आसने, सरकते छत या मागण्याही सरकारी बाजूच्याच होत्या. आपण जगभर इमारती बांधायच्या आणि आपल्या राजधानीत मात्र परदेशी आर्किटेक्ट नको, हा दुटप्पीपणा आहे, असेही त्या जपानी टीकाकारांना उद्देशून बोलल्या.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. माकींचा मुद्दा झहा परदेशी आहेत म्हणून खोटा ठरत नाही. आणि बागेत एवढे मोठे स्टेडियम मागणारे सरकारच असताना सगळे खापर आराखडा काढणाऱ्या बाईंवर फोडणे, हाही इन्साफ नव्हे.

पुढे काय झाले?

डिसेंबर 2015 मध्ये दुसऱ्या फेरीत केंगो कुमा यांचा आराखडा निवडला गेला. उंची 50 मीटरच्या आत, छज्जांना जपानच्या सर्व 47 प्रांतांतले लाकूड, खर्च सुमारे 15 हजार कोटी येन. बसण्याची रचना आपल्या आराखड्यासारखीच आहे, असे झहा यांनी म्हटले. कुमांनी ते नाकारले. उरलेले पैसे हवे असतील तर आराखड्याचे हक्क द्या, अशी अट आली तेव्हा झहा यांनी नकार दिला. 31 मार्च 2016 रोजी त्यांचे निधन झाले.

घाईची किंमत मात्र द्यावी लागली. 2019 च्या रग्बी विश्वचषकासाठी स्टेडियम वेळेत होईना, म्हणून अंतिम सामना योकोहामाला गेला. नव्या आराखड्यात ऑलिम्पिक ज्योत कुठे ठेवायची हेच ठरलेले नाही, हेही नंतर लक्षात आले. नोव्हेंबर 2019 मध्ये काम पूर्ण झाले, पण कोरोनामुळे 2021 च्या उद्घाटनाला ती आसने प्रेक्षकांविना राहिली.

ज्यांचे कुणी ऐकले नाही

या सगळ्या गदारोळात एक बाब मागेच पडली. स्टेडियमलगत कासुमिगाओका नावाची सरकारी वसाहत होती. बहुतेक रहिवासी म्हातारे. त्यातल्या काहींना 1964 च्या ऑलिम्पिकसाठीही घर सोडावे लागले होते. आराखडा बदलला, आर्किटेक्ट बदलला, बजेट बदलले. पण घर खाली करण्याचा हुकूम बदलला नाही. 2016 च्या सुरुवातीपर्यंत सगळ्यांना निघावे लागले. कमानी हव्यात की लाकूड, यावर देशभर चर्चा झाली. या लोकांना मात्र कोणी मशवरा विचारला नाही.

आपल्या शहरातही उद्या जुने मैदान पाडून नवे स्टेडियम करायची घोषणा होईल. रंगीत चित्रे मोबाईलवर फिरतील. तेव्हा चित्र छान आहे की नाही, एवढ्यावरच भांडत बसू नका. खर्चाचा आकडा कोणी आणि कसा काढला? खेळ संपल्यावर देखभाल कोण करणार? पोरांना रोज खेळायला जागा उरेल का? आणि कोणाची घरे जाणार? सार्वजनिक पैसा ही सगळ्यांची अमानत आहे. हे प्रश्न पहिली वीट लागायच्या आधी विचारायचे असतात.