कृतज्ञतेची नोंद : बुलढाणा जिल्ह्यातील माजी सैनिक, वीरनारी आणि शासनाचा आधार

सैनिकाची नोकरी इतर सरकारी नोकऱ्यांपेक्षा फार लवकर संपते, आणि माजी सैनिकांसाठी असलेल्या शासकीय व्यवस्थेचे मूळ या एका गोष्टीत आहे. शिक्षक किंवा तलाठी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो; शिपाई म्हणून भरती झालेला जवान मात्र बहुधा पस्तिशी-चाळिशीतच गणवेश उतरवून गावी परततो. मुले तेव्हा शाळेत असतात, आईवडिलांची दुखणी सुरू झालेली असतात आणि वाट्याला आलेली कोरडवाहू जमीन एका कुटुंबालाही पुरत नाही. सैन्य तरुण राहावे म्हणून देशाने त्याला लवकर घरी पाठवले असेल, तर त्याच्या उरलेल्या आयुष्याची काही जबाबदारी देशावर येते. ही जबाबदारी कायद्यात, निधीत आणि कार्यालयांत कशी उतरली आहे आणि ती कोठे अपुरी पडते, हे बुलढाणा जिल्ह्याच्या उदाहरणातून स्पष्ट पाहता येते.

घाटावर आणि घाटाखाली

अमरावती विभागातील या जिल्ह्यात तेरा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत, आणि लोकही ‘घाटावरचे’ व ‘घाटाखालचे’ अशीच ओळख सांगतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर घाटाखाली. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर आहे, तेथे रेल्वे नाही, आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके खाली पूर्णेच्या खोऱ्यात आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एखाद्या सैनिकाच्या वृद्ध पत्नीला बुलढाण्याच्या कार्यालयात एक अर्ज द्यायचा असेल, तर एस.टी.ची वेळ सांभाळत अख्खा दिवस खर्ची पडतो, आणि एखादा कागद कमी निघाला तर दुसरा दिवसही जातो. योजना कितीही चांगली असली तरी ती या अंतराच्या कसोटीवर उतरावी लागते.

माजी सैनिकांसाठीच्या व्यवस्थेला तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय सैनिक बोर्ड आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी ब्रिटिश राजवटीत स्थापन झालेल्या मंडळापासून त्याची परंपरा सुरू होते. मधल्या पायरीवर राज्य शासनाचा सैनिक कल्याण विभाग असून त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. तिसरी पायरी म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. ओळखपत्र, पाल्यांसाठी लागणारे दाखले, अनुदानांचे अर्ज, निवृत्तिवेतनातील अडचणी आणि लष्कराच्या अभिलेख कार्यालयांशी होणारा पत्रव्यवहार ही सारी कामे येथून चालतात. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ‘सरकार’ म्हणजे हेच कार्यालय होय.

निवृत्तिवेतन आणि त्यामागचे कागद

‘माजी सैनिक’ हा शब्द बोलण्यात सैल वापरला जातो, परंतु नियमांत त्याला काटेकोर अर्थ आहे. भूदल, नौदल किंवा हवाईदलात सेवा करून निवृत्तिवेतनासह बाहेर पडलेली व्यक्ती, अथवा सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे मुक्त केलेली व्यक्ती, ही त्यात प्रामुख्याने येते. जुन्या काळात सेवामुक्त झालेल्यांसाठी तारखांनुसार वेगळ्या अटी आहेत. शिपायाला निवृत्तिवेतनासाठी साधारणतः १५ वर्षांची, तर अधिकाऱ्याला २० वर्षांची सेवा पूर्ण करावी लागते. म्हणूनच सैन्यात राहूनही निवृत्तिवेतन न मिळणारा एक वर्ग गावोगावी आढळतो, आणि म्हातारपणी सर्वाधिक हलाखी त्याच्याच वाट्याला येते.

सैनिकाच्या मृत्यूनंतर पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतनही एकच एक नसते. नैसर्गिक कारणाने मृत्यू झाला तर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के दराने साधारण कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. मृत्यूचा संबंध सेवेशी जोडला गेला तर ६० टक्के दराने विशेष, आणि युद्धात किंवा युद्धसदृश कारवाईत मृत्यू आला तर शेवटच्या वेतनाइतके, म्हणजे पूर्ण वेतनाच्या बरोबरीचे, उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. मृत्यूच्या अहवालातील एका ओळीवर त्या घराची पुढची तीस-चाळीस वर्षे अवलंबून राहतात. ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ हे धोरण १ जुलै २०१४ पासून लागू झाले. समान हुद्द्यावर समान काळ सेवा केलेल्यांना, ते कोणत्याही वर्षी निवृत्त झाले असले तरी, सारखे निवृत्तिवेतन मिळावे आणि दर पाच वर्षांनी त्याची फेरनिश्चिती व्हावी, असा त्याचा आशय आहे.

संरक्षण दलांचे निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ नावाच्या संगणकीय प्रणालीतून थेट खात्यात जमा होते, आणि ते चालू राहावे यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. हा दाखला गावाजवळच्या सेवा केंद्रात बोटाच्या ठशावर किंवा मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. तथापि शेतीकामाने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असल्या, की यंत्र ठसा ओळखत नाही, आणि जिवंत माणसाला आपण जिवंत असल्याचे सिद्ध करण्यासाठी पुन्हा बँकेची किंवा कार्यालयाची पायरी चढावी लागते.

याहून खोल अडचण नावाची असते. सैनिकाचा विवाह, मुलांचे जन्म आणि पत्नीचे नाव यांची नोंद त्याच्या युनिटमार्फत अभिलेखात केली जाते; सैनिकी बोलीत तिला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. महाराष्ट्रात लग्नानंतर मुलीचे आडनावच काय, पुष्कळदा पहिले नावही बदलण्याची रीत होती. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, सैनिकाच्या अभिलेखात रजेवरून परतल्यावर त्याने सांगितलेले नाव आणि आधार कार्डावर सासरी रूढ झालेले नाव, अशी एकाच स्त्रीची तीन नावे तयार होतात. पती हयात असेपर्यंत हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. तो गेल्यावर मात्र ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला आणि सैनिक कल्याण कार्यालयाचे शिफारसपत्र जोडून त्या विधवेलाच पटवून द्यावे लागते. डिस्चार्ज बुक ट्रंकेत जपून ठेवणाऱ्या घरांतही त्या पुस्तकातील पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहिलेली नसते. सैनिक हयात असतानाच ही दुरुस्ती झाली, तर पुढचे हेलपाटे वाचतात.

ध्वजदिनाचा पैसा कोठे जातो

७ डिसेंबर हा दिवस १९४९ पासून सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे ध्वजावरील रंग तिन्ही दलांचे निदर्शक आहेत. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्याला निधीसंकलनाचे उद्दिष्ट दिले जाते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली शासकीय कार्यालये, शाळा व संस्था त्यात भर घालतात. शर्टाला टाचलेल्या या छोट्या ध्वजाचा पुढचा प्रवास मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. केंद्रीय ध्वजदिन निधीतूनच संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीला पैसा मिळतो, आणि त्यातून निवृत्तिवेतन नसलेल्या, वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्या निराधार माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना दरमहा अनुदान दिले जाते. हे अनुदान ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ते ८,००० रुपये करण्यात आले. त्याच वेळी पाल्यांचे शैक्षणिक अनुदान दरमहा १,००० वरून २,००० रुपये, तर मुलीच्या विवाहासाठीचे साहाय्य ५०,००० वरून १ लाख रुपये झाले. शैक्षणिक आणि विवाहाचे साहाय्य हवालदार व त्याखालील हुद्द्यांच्या कुटुंबांसाठी असून दोन अपत्यांपर्यंत मर्यादित आहे.

व्यावसायिक पदवी घेणाऱ्या पाल्यांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना असून तिच्यातून मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे ते वेगळा प्रवर्ग न ठरता प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांमध्येच मोजले जाते. २०२० पासून बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाच्या सन्मान योजनेखाली माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना घरपट्टीत सवलत मिळते. आजारपणासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू आहे. तिच्यात एकदाच वर्गणी भरून सदस्य होता येते, आणि तिच्या दवाखान्यांतून तसेच मान्यताप्राप्त रुग्णालयांतून उपचार मिळतात.

एक जिल्हा, दोन घटना, वेगवेगळे नियम

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर झालेल्या हल्ल्यात चाळीस जवान शहीद झाले. त्यांपैकी दोघे बुलढाणा जिल्ह्याचे होते : मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड. घाटाखाली आणि घाटावर एकाच वेळी शोककळा पसरली. जिल्ह्याने त्यांना सैनिक म्हणूनच निरोप दिला, आणि तो योग्यच होता. नियमांच्या दृष्टीने मात्र केंद्रीय राखीव पोलीस दल संरक्षण मंत्रालयाखाली नसून गृह मंत्रालयाखाली येते. त्यामुळे या दलातून निवृत्त होणारा जवान ‘माजी सैनिक’ ठरत नाही, आणि वर सांगितलेली सैनिक बोर्डाची अनुदाने, आरोग्य योजना व आरक्षण त्याला आपोआप लागू होत नाहीत. त्याच्यासाठी दलाची व गृह मंत्रालयाची वेगळी कल्याणव्यवस्था आहे.

पुढे २१ ऑक्टोबर २०२३ रोजी बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराई येथील अग्निवीर अक्षय गवते यांचा सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू झाला. अशा आघाडीच्या मोहिमेवर प्राण गमावलेला पहिला अग्निवीर म्हणून त्यांचे नाव देशभर पोहोचले. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत तरुणांची भरती चार वर्षांसाठी होते, त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते, आणि उरलेल्यांना सेवानिधी देऊन निरोप दिला जातो. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. गवते यांच्या मृत्यूनंतर लष्कराने देय रकमांचा तपशील जाहीर केला. त्यात ४८ लाख रुपयांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या सेवाकाळाचे वेतन, सेवानिधीची रक्कम आणि युद्धहानी निधीतून ८ लाख रुपये यांचा समावेश होता. एकूण रक्कम एक कोटीच्या वर जाते, आणि ती मोठी आहे. परंतु नियमित सैनिकाच्या आईवडिलांना किंवा पत्नीला दरमहा आयुष्यभर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन तिच्यात नाही. एकरकमी पैसा कर्जात, बांधकामात आणि आजारपणात संपू शकतो. महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा म्हातारपणाला धरून ठेवतो. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही २०२४ मध्ये कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या अग्निवीरांच्या कुटुंबांना नियमित सैनिकांच्या कुटुंबांसारखे लाभ द्यावेत, अशी शिफारस केली. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागत असल्याने, पंचविशीच्या आतबाहेरचे हे तरुण गावी परततील तेव्हा त्यांच्यासाठी कोणत्या कार्यालयाचे दार उघडे असेल, याचे उत्तर जिल्हा पातळीवर आधीच तयार असणे निकडीचे आहे.

ज्यांच्यासाठी सैनिक कल्याणाचे दार बंद आहे, त्यांना तहसील कार्यालयाची वाट धरावी लागते. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांतून पात्र निराधारांना व वृद्धांना मासिक अर्थसाहाय्य मिळते, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ठराविक रुग्णालयांत मोफत उपचार मिळतात. सैनिकाच्या कुटुंबाला या योजना परक्या नाहीत; निवृत्तिवेतनाविना परतलेला जवान हा आधी नागरिक आहे, आणि नागरिक म्हणून मिळणारा आधार त्याने संकोच न करता घ्यावा. अडचण अशी, की सैनिक कल्याण कार्यालयाची यादी आणि तहसीलची यादी एकमेकींशी ताडून पाहण्याची नियमित रीत नसेल, तर दोन्हींच्या मध्ये उभा असलेला माणूस कोणालाच दिसत नाही.

यावर उपाय अवाढव्य खर्चाचा नाही. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून ठरलेल्या दिवशी अभिलेख तपासणीचे शिबिर भरले, त्यात सैनिक कल्याण कार्यालय, तहसील, बँक आणि सेवा केंद्र यांची माणसे एका मांडवात बसली, आणि डिस्चार्ज बुक, आधार व बँक पासबुक या तीन कागदांवरील नावे एकसारखी करून दिली, तर कितीतरी वीरनारींचे पुढील आयुष्य सुकर होईल. केंद्रीय पोलीस दलांचे निवृत्त जवान आणि अग्निवीरांची कुटुंबे यांनाही त्याच मांडवात बोलावले, तर कोणाचा अर्ज कोणत्या मंत्रालयाकडे जातो हे शोधण्याचा भार कुटुंबावरून कार्यालयावर जाईल, आणि तो खरोखर कार्यालयाचाच भार आहे. जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या या जिल्ह्यात शौर्याचा गौरव करायला कोणाला शिकवावे लागत नाही. त्या गौरवाच्या जोडीला संग्रामपूरच्या एखाद्या वृद्धेचे नाव अभिलेखात अचूक लिहिलेले असले, तर घाट न चढताही तिचा पैसा दरमहा तिच्या खात्यात पोहोचेल.