राफ्टिंगला जायचंय, पण पाण्याची भीती वाटते?

रेवसच्या बाईला पाण्याची ओळख करून द्यायला नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हा हिशोब आपल्याला तोंडपाठ. पण बचत गटाची सहल कोलाडला, कुंडलिका नदीवर राफ्टिंगला न्यायची म्हटली, की निम्म्या जणी मागे सरतात. हवा भरलेल्या रबरी होडीतून खळाळत्या पाण्यात जायचं, भीती वाटणारच. तिला हसू नये असं आम्हाला वाटतं, कारण तिथलं पाणी आपल्या खाडीसारखं वागत नाही.

कुंडलिकेची ही भरती चंद्रावर नाही, वीजघरावर चालते. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला टाटांच्या वीजघरात उतरतं. १९२७ पासून तिथे वीज तयार होते. खरं तर हे पाणी मुळा नदीचं, पूर्वेला जाणारं. ते वळवून आपल्या बाजूला आणलं. (जमिनी बुडणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता, तेही विसरू नये.) वीज करून झाली की पाणी नदीत सुटतं, बहुधा सकाळी. म्हणून भर उन्हाळ्यातही तिथे राफ्टिंग होतं, आणि म्हणूनच खडक उघडे पडलेलं पात्र बघता बघता भरतं. रात्री तंबूत राहणार असाल तर तंबू काठावर उंच जागी हवा. पात्रातली वाळू कितीही कोरडी, मऊ दिसो, तिथे झोपायचं नाही. कपडे धुवायला, भांडी घासायलाही उतरण्याआधी गावकऱ्यांना पाण्याची वेळ विचारावी.

आता होडीतलं. लाइफ जॅकेटचे पट्टे इतके घट्ट हवेत की खांद्याला धरून वर ओढलं तरी जॅकेट हनुवटीपर्यंत सरकू नये. "मला पोहता येतं" म्हणणारीनेही ते घालायचं. खडकावर डोकं आपटलं तर पोहणं कामाचं नाही, म्हणून हेल्मेटही. साडी नको, ओली झाली की पायांत गुंडाळते. सलवार किंवा पँट, आणि मागे पट्टा असलेल्या चपला. वल्ह्याच्या वरच्या मुठीवरचा हात सोडायचा नाही, नाहीतर ती मूठ शेजारणीच्या दातांवर बसते.

पाण्यात पडलात तर? आपली पहिली ओढ उभं राहायची असते. तेच करायचं नाही. पाय दोन दगडांमध्ये अडकला की मागचं पाणी माणसाला पुढे आडवं पाडतं, आणि मग कमरेएवढं पाणीही जीव घेतं. उताणं पडायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे, गाईडने टाकलेला दोर छातीशी धरायचा. दोर हाताला गुंडाळायचा नाही.

गरोदर बाई, हृदयाचा त्रास असलेली, नुकतं ऑपरेशन झालेली, यांनी होडीत बसू नये. बाकीच्यांनी बसण्याआधी गाईडला सरळ सांगावं, "दादा, मला भीती वाटते, मला तुमच्याजवळ मागे बसवा." पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावं: मधे उतरता येईल का, सोबत दुसरी होडी असते का, जॅकेट आधी घालून बघायला देता का. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे आमच्या गटाने तरी कधी पैसे भरले नसते.