गालात खिसे, नावात घोटाळा

अमेरिकेतल्या फ्लोरिडात एखाद्या जुन्या शेतकऱ्याला ‘गोफर दाखवा’ म्हटलं, तर तो बहुधा कासव दाखवेल. बीळ खणून राहणारं तिथलं कासव म्हणजे त्याचा गोफर. मग गालात खिसे असलेला, जमिनीखाली बोगदे काढणारा खरा गोफर? त्याला तो ‘सॅलॅमँडर’ म्हणतो. सॅलॅमँडर तर दिसायला पालीसारखा, बेडकाच्या नात्यातला! वाळूचे ढीग घालणारा तो ‘सँडी माउंडर’, आणि बोलता बोलता त्याचा सॅलॅमँडर झाला, असं सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो की मागाहून जुळवलेली, गंमत पुढेच आहे. या प्राण्याच्या शास्त्रीय नावांनीही कमी घोळ घातलेला नाही.

हा जिओमिस पायनेटिस. शेपटीसकट वीतभराहून थोडा मोठा, डोळे आणि कान नावापुरते, पुढच्या पायांना लांब नख्या. आपल्या घुशीशी त्याचं जवळचं नातं नाही. पॉकेट गोफरांचं कूळच वेगळं आणि ते उत्तर व मध्य अमेरिकेपलीकडे जवळजवळ नाही. गालाचे खिसे तोंडात उघडत नाहीत, बाहेरून उघडतात. आत लव असते. मुळं, कंद त्यात कोंबायचे आणि बिळातल्या कोठीत नेऊन रिकामे करायचे. पटाशीच्या दातांमागे ओठ मिटतात, त्यामुळे दातांनी माती कुरतडली तरी तोंडात जात नाही. वरच्या पटाशीवर दोन उभ्या खाचा असल्या, की जिओमिस. पश्चिमेकडच्या थोमोमिसचे दात बहुधा गुळगुळीत असतात. वर्गीकरणाचा पहिला धडा असा दातांवरच लिहिलेला आहे.

जमिनीवर त्याची खूण म्हणजे वाळूच्या ताज्या ढिगांची ओळ. बिळाचं तोंड शोधायला गेलात तर सापडायचं नाही, कारण ते आतून बुजवलेलं असतं. प्रत्येक जण आपल्या बोगद्यात एकटा. त्याला रेताड, कोरडी जमीन लागते. चिकण माती आणि पाणथळ खोलगट भाग तो टाळतो. म्हणून नकाशावर त्याचा प्रदेश दक्षिण अलाबामा, जॉर्जिया आणि उत्तर व मध्य फ्लोरिडा असा सलग दिसला, तरी प्रत्यक्षात तो वाळूच्या बेटांवर राहतो. लांब सुयांच्या पाइनची रानं हे त्याचं मूळ घर, आणि निसर्गशास्त्रज्ञ रॅफिनेस्कने दिलेल्या ‘पायनेटिस’ या नावातही पाइनच आहे. एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेल्या या रानांतलं आज ५ टक्केही उरलेलं नाही.

बेटांवर राहणाऱ्या प्राण्यांत थोडेथोडे फरक पडतातच. १८९५ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ मेरियमने पॉकेट गोफरांवर मोठा ग्रंथ काढला आणि पश्चिमेकडच्या, अलाबामाच्या बाजूच्या गोफरांना ‘मोबिलेन्सिस’ ही उपजात ठरवलं. १८९८ मध्ये बँग्ज हा दुसरा प्राणिशास्त्रज्ञ आणखी पुढे गेला. केसांचा रंग आणि कवटीची मापं पाहून त्याने जॉर्जियाच्या कॅम्डेन काउंटीतल्या गोफरांना ‘जिओमिस कॉलोनस’ अशी स्वतंत्र जात बहाल केली, आणि कम्बरलँड बेटावरच्यांना दुसरी. कातडं आणि कवटी यांखेरीज हातात काही नव्हतं, तेव्हा दोष फार देता येत नाही.

पुढे १९६० च्या दशकात कॅम्डेनमध्ये कॉलोनस पुन्हा सापडले, शंभराच्याही आत. राज्याने त्यांना धोक्यातली जात म्हणून संरक्षण दिलं.

मग आला जॉन अ‍ॅव्हिस. जॉर्जिया विद्यापीठातल्या या जनुकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिन्ही राज्यांतले ८७ गोफर घेतले आणि त्यांचा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए विकरांनी कापला. हा डीएनए फक्त आईकडून येतो, बापाची त्यात भेसळ नसते. विकर ठरावीक अक्षरक्रम गाठून तिथेच कापतं. तुकडे जेलमध्ये पळवले की पट्टे उमटतात, आणि पट्टे जुळले की आजीपणजी एक. ८७ गोफरांत त्यांना असे २३ मातृवंश मिळाले. १९७९ मध्ये छापून आलेला निकाल स्पष्ट होता: पूर्वेकडचे एका गटात, पश्चिमेकडचे दुसऱ्यात, आणि दोन्हींच्या डीएनएत निदान ३ टक्क्यांचा फरक. बाह्यरूपात ठळक न दिसणारी ही दरी जॉर्जिया आणि फ्लोरिडा या दोन्ही राज्यांतून जात होती. आठ वर्षांनी अ‍ॅव्हिसने या अभ्यासपद्धतीला ‘फायलोजिओग्राफी’ असं नाव दिलं. आज ही एक मोठी ज्ञानशाखा आहे, आणि तिच्या मुळाशी असलेल्या कामांत या भूमिगत प्राण्याचंही काम आहे!

आणि कॉलोनस? १९८२ मध्ये त्याच पथकाने लार्म या अभ्यासकासोबत त्याचीही तपासणी केली. शेजारच्या पायनेटिसहून तो वेगळा निघाला नाही. म्हणजे जिथे खरी दरी होती तिथे उपजातीचा फुटकळ दर्जा, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे स्वतंत्र जात व सरकारी संरक्षण. यावरून सरकारी यादीला हसणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. यादी नावांवर चालते आणि नाव शास्त्रज्ञांनीच दिलं होतं. शिवाय दरी पाडली कुणी, हेही अजून मिटलेलं नाही. नदीचा अडसर हे जुनं उत्तर. पण २०१३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी स्थानिक हवामानातल्या बारीक फरकांकडे बोट दाखवलं.

नाव चुकण्यापेक्षा वाईट नशीब मात्र एका उपजातीच्या वाट्याला आलं. प्राणिशास्त्रज्ञ शर्मनने १९४४ मध्ये फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ब्रेव्हर्ड काउंटीतल्या गोफरांना ‘गोफी’ असं नाव दिलं. त्यांची वाळू घरांखाली आणि रस्त्यांखाली गेली, आणि १९५५ नंतर ते कुणाला दिसलेले नाहीत.