सह्याद्रीच्या माथ्यावरील सरडे आणि पाली

मराठीतील ‘सरडा’ हा शब्द २०१६ साली प्राणिशास्त्राच्या जागतिक परिभाषेत दाखल झाला. गळ्याखाली पंख्यासारखी झालर असणाऱ्या भारतीय सरड्यांची त्या वर्षी फेरतपासणी करण्यात आली. त्यांपैकी मोठ्या झालरीचे सरडे एका स्वतंत्र वंशाचे ठरले आणि या वंशास ‘सराडा’ हे नाव मराठी शब्दावरूनच देण्यात आले. यातील ‘सराडा सुपर्बा’ ही जाती सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर आढळते. पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत तेथील नर दगडावर चढून निळी, काळी व नारिंगी झालर फुलवून दाखवितात. पिढ्यान्‌पिढ्या गुराख्यांच्या डोळ्यांसमोर असलेला हा प्राणी विज्ञानाला मात्र इतक्या उशिरा स्वतंत्र जाती म्हणून ओळखता आला.

असे का व्हावे, याचे उत्तर काही अंशी जुन्या अभ्यासाच्या पद्धतीत आहे. एकोणिसाव्या शतकात जर्डन, बेडोम आदी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नोकरीच्या फिरतीत सरपटणारे प्राणी गोळा केले. माल्कम स्मिथ यांनी १९३५ साली या माहितीचा ग्रंथ सिद्ध केला आणि पुढे दीर्घकाळ तोच प्रमाण मानला गेला. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या पाली एकाच नावाखाली नोंदविल्या जात. ‘निमास्पिस’ वंशातील बुटक्या पालींच्या बाबतीत ही अडचण विशेष होती. या पाली घरातील पालीप्रमाणे रात्री दिव्याभोवती फिरत नाहीत. त्यांपैकी बहुतेक दिवसा वावरतात, त्यांच्या डोळ्याची बाहुली गोल असते आणि बोटांना चिकटपट्ट्या नसतात. नखांच्या आधाराने त्या खडकावर किंवा झाडाच्या बुंध्यावर राहतात. रंग खडकाचाच, त्यामुळे जवळून जाणाऱ्यालाही त्या सहसा दिसत नाहीत.

नवी जाती ठरविण्याचे काम वाटते त्याहून किचकट असते. वन्यजीव अधिनियमाखाली लागणारी परवानगी घेऊन नमुने मिळविल्यावर शरीराची मापे घेतली जातात आणि खवल्यांच्या रांगा भिंगाखाली मोजल्या जातात. नरांच्या मांडीवरील सूक्ष्म छिद्रांची संख्या व मांडणी पाहिली जाते. जुन्या जातींच्या मूळ नमुन्यांशी हे सर्व ताडून पाहावे लागते. अलीकडे जनुकीय द्रव्याची तुलनाही केली जाते. ज्या नमुन्यावर नवे नाव आधारलेले असते, तो संग्रहालयात कायमचा जपून ठेवला जातो. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह या दृष्टीने मोलाचा आहे.

या पद्धतीने दाजीपूरच्या जंगलातील ‘निमास्पिस कोल्हापुरेन्सिस’ २००९ साली, कास परिसरातील ‘निमास्पिस गिरी’ २०१४ साली व आंबोलीची पिवळ्या पोटाची ‘निमास्पिस फ्लॅविव्हेंट्रॅलिस’ २०१६ साली जगापुढे आली. २०२१ साली तर पश्चिम घाटातील याच वंशाच्या १२ नव्या जाती एकाच शोधनिबंधात वर्णिल्या गेल्या.

डोंगर हीच बेटे

एकाच पर्वतरांगेत इतक्या जाती निर्माण होण्याचे कारण भूगोलात शोधावे लागते. दमट, सावलीच्या अरण्यात राहणारी दोन बोटे लांबीची पाल उष्ण व कोरडी दरी ओलांडू शकत नाही. तिच्या दृष्टीने समोरचा डोंगर समुद्रापलीकडील बेटाइतकाच दूर असतो. हवामान ओले असताना अरण्ये खाली उतरून एकमेकांस मिळतात. ते कोरडे झाले की अरण्ये आक्रसून माथ्यावर व घळीत उरतात. लाखो वर्षांच्या या उलाढालीत ताटातूट झालेले समूह हळूहळू वेगळ्या जाती बनतात. दक्षिणेत पालघाटची सुमारे ३० ते ४० किलोमीटर रुंदीची खिंड हा असा मोठा खंड आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या प्राणिसृष्टीत लक्षणीय फरक आढळतो.

महाराष्ट्रातील सह्याद्रीची कथा थोडी निराळी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने हा प्रदेश झाकला गेला. त्यामुळे येथील पुष्कळशी सृष्टी नंतर दक्षिणेकडून आली असावी, असे मानले जाते. अनाइमुडीची उंची २,६९५ मीटर, तर कळसूबाईची १,६४६ मीटर आहे. शिवाय येथे कोरडा ऋतू सात-आठ महिने टिकतो. त्यामुळे सलग अरण्याऐवजी रायांचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये जांभ्याचे उघडे सडे अशी रचना झाली. या सड्यांना सरकारी दप्तरात पुष्कळदा ‘पडीक’ म्हटले जाते. चाळकेवाडीचा सरडा ज्या जमिनीवर जगतो तिला पडीक म्हणणे योग्य नव्हे.

त्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. तेथे झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी पुष्कळ घटले आणि सरड्यांची संख्या वाढली. ऐकावयास ही वाढ बरी वाटते. परंतु ते सरडे अंगाने हडकुळे होते, माणसाला कमी भीत होते आणि नरांच्या झालरीचा रंगही फिका पडला होता. ससाणे व गरुड कमी झाल्याचा परिणाम असा खालपर्यंत पोहोचतो. पवनऊर्जा नको असा याचा अर्थ नाही. मात्र जागा निवडताना सड्याचाही विचार व्हावयास हवा.

ज्या जातीचा सारा प्रदेश एखाददुसऱ्या डोंगरापुरता असतो, तिच्या बाबतीत एक खाण, एक रस्ता किंवा एक वणवाही मोठा ठरतो. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. तीत ‘पाल’ एवढीच नोंद झाली, तर राखण्याजोगे काय आहे हे कोणासच कळणार नाही. कोणत्या देवराईत, कोणत्या कातळावर, कोणत्या महिन्यात प्राणी दिसला, हे लिहिण्यास शाळेतील मुलांचीही मदत होऊ शकते. आंबोली येथे हिरण्यकेशीच्या उगमाजवळ २०२० साली एका लहान माशाची नवी जाती वर्णिली गेली. पुढील वर्षी राज्य शासनाने तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले.