बीपी गोळ्यांनाही दाद देत नाही? किडनीच्या धमनीविषयीचे गैरसमज

सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात वर्धा-यवतमाळच्या गावागावांतून बीपीचे रुग्ण येतात. बहुतेकांच्या बीपीला एकच एक कारण सापडत नाही. काहींचा बीपी मात्र किडनीची धमनी अरुंद झाल्यामुळे चढलेला असतो. रक्त कमी पोचले की किडनी रेनिन सोडते. त्यातून रक्तवाहिन्या आकसतात आणि शरीरात मीठ-पाणी साठते. धमनी आवळली की बीपी चढतो, हे हॅरी गोल्डब्लाट यांनी 1934 मध्येच कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले होते.

गैरसमज : पंचविशीतल्या मुलीचा बीपी म्हणजे टेन्शन.
वस्तुस्थिती : तिशीच्या आत बीपी वाढला तर कारण शोधलेच पाहिजे. भारतातल्या तरुण स्त्रियांमध्ये टाकायासू आर्टेरायटिस, म्हणजे मोठ्या धमन्यांना येणारी सूज, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. त्यासाठीची पहिली तपासणी फुकट होते. दोन्ही मनगटांची नाडी बघायची आणि दोन्ही हातांचा बीपी मोजायचा. एका हाताची नाडी मंद लागली किंवा वरच्या आकड्यात 10 पेक्षा जास्त फरक आला, तर पुढे तपासायला हवे.

गैरसमज : बीपीच्या प्रत्येक रुग्णाने किडनीच्या धमनीची तपासणी करावी.
वस्तुस्थिती : गरज नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन औषधे पुरेशा मात्रेत आणि नियमित घेऊनही बीपी उतरत नसेल, पंचावन्नीनंतर तो एकाएकी खूप चढला असेल, फुप्फुसांत वारंवार अचानक पाणी भरत असेल किंवा एक किडनी दुसरीपेक्षा दीड सेंटीमीटरहून जास्त लहान असेल, तर मात्र ती टाळू नये.

गैरसमज : सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे धमनी ठीक.
वस्तुस्थिती : साध्या सोनोग्राफीत किडनीचा आकार दिसतो. धमनीतला रक्ताचा वेग डॉप्लरमध्ये कळतो. पोटातल्या गॅसमुळे चित्र अस्पष्ट होते, म्हणून ही तपासणी सहसा रिकाम्या पोटी करतात. शंका उरली तर सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी करतात.

गैरसमज : गोळीने क्रिएटिनिन वाढले, म्हणजे गोळीनेच किडनी खराब केली.
वस्तुस्थिती : रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. 30 टक्क्यांहून जास्त वाढले तर दोन्ही धमन्या अरुंद असल्याची शंका घ्यावी लागते. गोळी मनाने बंद करू नका. रिपोर्ट घेऊन लगेच डॉक्टरांना भेटा.

गैरसमज : स्टेंट टाकला की बीपी कायमचा गेला.
वस्तुस्थिती : चरबी साठून अरुंद झालेल्या धमन्यांबाबत ॲस्ट्रल (2009) आणि कोरल (2014) या मोठ्या अभ्यासांत, चांगल्या औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्याने बहुतेकांना विशेष जास्त फायदा दिसला नाही. काही निवडक रुग्णांनाच त्याची गरज पडते. फायब्रोमस्क्युलर डिसप्लेसिया या तरुण स्त्रियांत जास्त आढळणाऱ्या आजारात मात्र फुग्याने धमनी रुंद केल्यास चांगला गुण येतो.

बीपी आटोक्यात येत नसेल तर नुसती गोळी वाढवून घेऊ नका. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्या सोबत न्या, दोन्ही हातांचा बीपी मोजायला सांगा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा : माझ्या किडनीची धमनी तपासायला हवी का?