ड्रम खाली करो!

बुटीबोरीला चाललेय म्हटल्यावर पुण्यातल्या मैत्रिणीने विचारलं, 'तिथे बघण्यासारखं काय आहे?' खरं सांगायचं तर काहीच नाही. नागपूरहून वर्धा रोडने निघालं की तासाभरात एमआयडीसी सुरू होते. शेड, चिमण्या, ट्रकच्या रांगा आणि सावजीच्या पाट्या. पण माझा मावसभाऊ तिथल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे आणि त्याच्याकडे एक सॉल्लिड किस्सा आहे, असं मावशीने सांगितलं होतं. फ्रीलान्सरला आणखी काय हवं!

तर झालं असं... दादा पक्का पुणेकर. नोकरीचा पहिलाच आठवडा. स्टँडवर आडवा ठेवलेला थिनरचा ड्रम त्याला धोक्याचा वाटला. तो जमिनीवर उतरवावा म्हणून शेजारी उभ्या असलेल्या पोराला तो आपल्या मराठमोळ्या हिंदीत ओरडला, 'अरे, वो ड्रम खाली करो!' पोरगा बिहारहून नुकताच आलेला, आज्ञाधारक. त्याने सरळ नळ सोडला आणि ड्रम खाली करायला लागला. म्हणजे रिकामा!

पलीकडच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू होतं. कुणीतरी ओरडून ते थांबवलं, दोघं-तिघं वाळूच्या बादल्या घेऊन धावले, म्हणून निभावलं. 'त्या रात्री मी जेवलो नाही,' दादा म्हणाला. हे सांगताना तो हसत नव्हता.

मराठीत 'खाली' म्हणजे खालती, हिंदीत रिकामा. चूक कुणाचीच नव्हती. आणि हे घडायला बुटीबोरीइतकी योग्य जागा नाही. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे इथली मराठी हिंदीच्या मांडीवरच वाढली. गेटवरच्या काकांनी मला 'कोणाले भेटून राहिली बाई?' असं विचारलं, त्या 'भेटून राहिली'त हिंदीचं 'मिल रही' लपलेलं आहे. त्यात यूपी-बिहार-छत्तीसगडहून आलेली मंडळी, आणि वरच्या मजल्यावर इंग्रजीतल्या मेल्स.

मला मात्र मासकॉमचा पहिला सेमिस्टर आठवला. तिथे आम्ही सपिर-व्हॉर्फचा सिद्धांत घोकला होता. भाषा जशी, तसा आपला विचार, असा एकूण फंडा. दहा मार्कांचा प्रश्न यायचा. पण कुठल्याच सरांनी हे सांगितलं नव्हतं, की यातले बेंजामिन ली व्हॉर्फ हे पोटापाण्यासाठी दादाचंच काम करायचे! केमिकल इंजिनीअर माणूस. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. कारखान्यांत आग का लागते, हे शोधणं हा त्यांचा धंदा. भाषाशास्त्र हा फावल्या वेळचा उद्योग.

१९३९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी नेमकी ड्रमचीच गोष्ट सांगितली आहे. पेट्रोलच्या भरलेल्या ड्रमपाशी कामगार जपून वागतात. 'रिकाम्या' ड्रमपाशी बिनधास्त सिगारेट ओढतात. प्रत्यक्षात रिकामा ड्रम जास्त घातक, कारण त्यात वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के झाली की ठिणगी पुरते. भरलेल्या ड्रममध्ये हवेला जागाच कमी. पण 'रिकामा' हा शब्द कानावर पडला, की डोकं म्हणतं, इथे काही नाही. चला.

मराठीत तर हा शब्द आणखी लबाड आहे. रिकामा म्हणजे नुसता आत काही नसलेला नाही, बिनकामाचा, निरुपयोगीसुद्धा. रिकामटेकडा, रिकामे उद्योग. माझी मावशी सगळ्यांना सांगते, 'ती ना, सध्या रिकामीच असते.' (मावशी, या आठवड्यात तीन डेडलाइन्स आहेत!) अशा शब्दाला कोण भिणार? एरवी आपण शब्दांना केवढे घाबरतो! नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना 'जातो' नाही, 'येतो' म्हणतो. आणि खंडेनवमीला मशीनपुढे नारळ वाढवणारा माणूस थिनरच्या रिकाम्या ड्रमवर बसून डबा खातो. त्याला तो ड्रम घरी न्यायचा असतो. विदर्भातला उन्हाळा, चार दिवसांनी नळ, मग पाणी साठवायला चांगला ड्रम हवाच ना. कुणी तोंड कापायला गॅस कटर लावला, की संपलं.

आता तुम्ही म्हणाल, हे जरा जास्तच होतंय. मलाही वाटलं. ड्रम दिसतोच रिकामा, वाफ दिसत नाही. इथे फसवतात ते डोळे, भाषा नव्हे, असं स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ मध्येच लिहिलं. होपी आदिवासींच्या भाषेत काळाची कल्पनाच आपल्यासारखी नाही, हा व्हॉर्फ यांचा दावा तर एकेहार्ट मालोटकी यांनी १९८३ मध्ये सहाशेहून अधिक पानांचं पुस्तक लिहून खोडला. आणि आपलंच बघा. 'परवा' मागचाही आणि पुढचाही, म्हणून कुणाची गाडी चुकते का?

भाषा म्हणजे तुरुंग, हे मला पटत नाही. पण नाइट शिफ्टच्या शेवटच्या तासाला, डोळे मिटत असताना, माणूस विचार करत नाही. शब्द जिकडे ढकलेल तिकडे जातो. दादा हेच म्हणतो.

'खाली' हा शब्द त्याने शॉप फ्लोअरवर बंद केला. 'नीचे उतारो' किंवा 'खालती ठेव', बस्स. वापरलेल्या ड्रमवरच्या पाट्याही बदलल्या. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही अशी पिंपं यादीत आहेत, पण तिथेही शब्द 'रिकामी'च! दादाच्या पाटीवर मराठी आणि हिंदीत लिहिलंय : वाफेने भरलेला.

मॅनेजमेंटमध्ये थोडी खसखस पिकली म्हणे. रिकाम्या ड्रमला भरलेला म्हणतोय हा पुणेकर!

मी निघाले तेव्हा ड्रमांच्या रांगेपाशी एक नवा पोरगा टेकायच्या बेतात होता. मागून एक जुना कामगार खेकसला, 'ऊठ बे, भरून हाये थो!'